एका सकाळी दोन सुया

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आणि प्रभूमध्ये सलाम.

तुझे चार पानी पत्र पोहोचले. तुमच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या, पियानो शिकवणाऱ्या वृद्ध बाईंना तू रोज सकाळी सातला इन्सुलिन टोचतोस, त्यांचे पाय पुसतोस, हे उत्तमच. परंतु हे सारे प्रार्थनासभेत उभे राहून सांगितलेस आणि वर टाळ्याही घेतल्यास, हे वाचून लाज वाटली. प्रभूची सेवा दवंडी पिटून करत नाहीत. यापुढे कोणाला अवाक्षर कळता कामा नये. वापरलेली सुई आणि कापसाचा बोळासुद्धा तिथे मागे ठेवू नकोस, परत घेऊन जात जा.

पत्रात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. घड्याळे दुरुस्त करताना केसाएवढे काटे दिसणाऱ्याला वेलांटी दिसू नये, हे नवल.

लोभ आहेच, तो टिकवणे तुझ्या हाती.
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज चुका मोजू नकोस. बाई परवापासून रुग्णालयात बेशुद्ध आहेत.

मला चार दिवस ताप होता. त्या दिवसांत बाईंनी विनवले म्हणून आपल्याच मंडळीतला पाववाला त्यांना पहाटे सुई टोचू लागला. तुझे पत्र मी त्याला वाचून दाखवले होते आणि ते त्याला फार पटले होते. त्यामुळे तोही कोणाला बोलला नाही. ताप उतरताच मी सातला गेलो. तो साडेपाचला येऊन गेलेला. ना सुई दिसली, ना बोळा. विसराळू बाईंनी नेहमीसारखा दंड पुढे केला.

साखर पार उतरली. डॉक्टरांनी खडसावले तेव्हा पाववाला घाबरून म्हणाला की दुसरी सुई बाईंनी विसरून स्वतःच टोचून घेतली असावी. मी गप्प राहिलो. आता डॉक्टर म्हणतात की अशा बाईंना एकटे ठेवणे धोक्याचे. बाईंच्या भाचीने घर बंद करून त्यांना वृद्धाश्रमात हलवावे. भाची रविवारी येते आहे. खरे सांगितले तर ती आम्हाला उंबरा ओलांडू देणार नाही. मग बाईंचे करणार कोण? काय करू, ते लगेच कळव.

तुझ्या मायेचा भुकेला,
धाकटा

२१ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

आधी तुझाच राग आला. तसे खरमरीत उत्तर लिहिले आणि फाडले.

परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी शिकवते: सुई टोचली की त्याच क्षणी वेळ लिहायची, सही करायची. हे चुकवणाऱ्या मुलीला मी तिच्या आईच्या रडण्याला न बधता नापास केले आहे. आणि तुला मी खुणा पुसायला शिकवले! का, तेही ऐक. बावीस वर्षे मी फळ्यासमोर उभी आहे. या काळात एकाही रुग्णाचे पाय पुसलेले नाहीत. तुला मिळालेल्या टाळ्या मला झोंबल्या. धर्मोपदेश हा वरचा मुलामा.

भाचीला खरे सांग. आपल्या चुकीपायी बाईंचे घर जाता कामा नये. माझा दोषही सांग.

लोभ मागण्याचा अधिकार आज मला नाही, तरी मागते.
ताई

२६ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बाईंनी बुधवारी डोळे उघडले आणि पहिली तक्रार केली की नर्स बेसूर गुणगुणते! जीव भांड्यात पडला.

भाचीने सगळे उभ्यानेच ऐकले. वृद्धाश्रमाचा विचार तिने सोडला. पण पाववाल्याला आणि मला दार बंद. ती पंधरा दिवस राहील. पुढे बाईंना कोण टोचणार, हे तिलाही ठाऊक नाही.

तुझे नाव मात्र मी घेतले नाही. तुला तिने टाकून बोलावे, हे मला सोसवले नसते.

राग मानू नकोस, एवढीच विनंती.
धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

माझा दोष गाळायला मी सांगितले नव्हते. तो मी स्वतः सांगेन. दोन महिन्यांची रजा घेतली आहे. शुक्रवारी दुपारी पोहोचते. भाचीने दार लावून घेतले तर पायरीवर बसेन. उघडले तर आधी चूक सांगेन, मगच काम मागेन. कित्येक वर्षांत मी जिवंत माणसाला सुई टोचलेली नाही. तेही तिला सांगेन.

पाववाल्याला माझा सलाम सांग, आणि दोघे माझ्यासाठी प्रार्थना करा.
ताई