बिनमुठीचं झाकण

प्रिय आलुनिक,

वर्षभर एक ओळ लिहिली नाही आणि आज पत्र, म्हणून दचकू नकोस. तुझ्या वडिलांनी आमच्या आजोबांना, आपांना, एक टोपली सांगितली आहे. त्यांची बोटं आता वळत नाहीत, म्हणून ती मी विणतोय. टोपली कशासाठी, ते शेवटी लिहितो. आत्ता लिहिलं तर पत्र फाडीन.

फेअरबँक्सच्या कॉलेजात असताना तू म्हणायचीस, तुझं डोकं स्टोव्हसारखं, काडी लावायचा अवकाश. खरंच होतं. वर्गातल्या त्या पोराने तुझ्या बोलण्याची नक्कल केली, मी त्याचं नाक फोडलं, आणि तू माझ्यावरच चिडलीस. राग उतरला की ये म्हणालीस. मी सरळ विमानात बसलो. कॉलेज गेलं त्याचं काही नाही. पण राग दुसऱ्याच दिवशी उतरला होता, हे तुला कधी कळवलंच नाही.

इथे गावी आलो तर आपांनी सरळ कामाला लावलं. देवमाशाच्या जबड्यातले काळे पट्टे बादलीत भिजत होते, ते माझ्यासमोर सरकवले. खरवडून, दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या काढून मी विणायला बसलो. तळाच्या वॉलरसच्या सुळ्याच्या चकतीपासून वर वर चढत गेलो. वाळल्यावर पाहतो, तर तोंड इतकं आवळलेलं की झाकण बसेना. आपा म्हणाले, “टोपली विणतोयस की कुणाचा गळा आवळतोयस? ओला पट्टा सगळं सहन करतो रे, वाळला की बोलतो.” अकरा फेरे उसवायला लावले. दोनदा. आजी, आपली आका, चुलीपाशी हसत होती, म्हणे, पोरगं त्या मुलीचं नाव घेतं आणि टाका ओढतं. मी नाव घेत नव्हतो. बहुतेक.

तुला तो किनारा आठवतो? वादळानंतर वाळूत वॉलरसच्या जुन्या सुळ्याचा तुकडा तुला सापडला होता, मधासारख्या रंगाचा. माझ्या हातात देऊन म्हणालीस, आपल्या घरातल्या टोपलीच्या झाकणाला याची मूठ कर, पाणकोंबडीसारखी, मान मागे वळवलेली. तो तुकडा कायम माझ्या खिशात असतो. मान कोरून झाली आहे.

तुझ्या वडिलांची टोपली परवा विणून झाली. झाकण असं बसलं की आपांनी दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि तसंच आकाला दाखवायला नेलं. फक्त मूठ राहिली आहे. काल तुझे वडील आले होते. मी त्यांना विचारलं, मूठ कसली करू. ते म्हणाले, “तिला काय आवडतं ते तुलाच जास्त माहीत. तिच्या लग्नात, नवऱ्या मुलासमोर टोपली तिच्या हातात द्यायची आहे, नीट कर.” मला टोचावं असं त्यांच्या मनात नव्हतं. म्हणून तुलाच विचारतो, आलुनिक. तो मधाच्या रंगाचा तुकडा या झाकणावर बसवू का? बसव म्हणालीस, तर जूनच्या सणाआधी, तुझ्या लग्नाच्या आत बसवीन आणि पुन्हा लिहिणार नाही. नको म्हणालीस, तर दुसऱ्या सुळ्यातून साधा सील प्राणी कोरून लावीन, आणि हा आपल्या घरातल्या टोपलीसाठी खिशातच ठेवीन.

खाली नेहमीचं लिहिलं, मग खोडायला गेलो. राहू दे.

तुझाच,
आसिसाउन