जूनमध्ये आलेले चाळीस जण

प्रिय सुनील,

हे पत्र वाचून तू चिडशील. तरी शेवटपर्यंत वाच.

आळंदला आपण जिम काढली तेव्हापासून हॉल कायम भरलेला असायचा आणि तू खूश असायचास. मीच म्हणालो, नवे येणारे मोजू नकोस. जूनमध्ये आलेल्या चाळीस जणांतले ऑक्टोबरात किती टिकलेत ते बघ. हजेरीवही घेऊन बसलो. अकरा निघाले. मला वाटलं होतं, गेलेल्यांना एकेक करून फोन लावू, कामून सोडलं विचारू. तू म्हणालास, "समोरच्या जिमवाल्यानं फोडलेत. एकाला तुडवला की बाकीचे आपसूक येत्यात." सोडून गेलेल्यांच्या मी काढलेल्या यादीत निंबर्गा गावच्या पप्पूचं नाव पहिलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

त्याच्या घरी जाताना मोटारसायकल मी चालवली. तुझ्या हातात डंबेलची लोखंडी दांडी होती, ती मला दिसत होती. घाबरवायला घेतली असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. पप्पू अंगणात जेवत होता. तू त्याला एक शब्द विचारला नाहीस. गुडघा फुटल्याचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला. तो ताटावर कोसळला, तरी तू त्याच गुडघ्यावर हाणत राहिलास. त्याची आई शकुबाई मध्ये पडली, तिच्या पोटात लाथ घातलीस. मी गाडी चालू ठेवून उभा होतो. हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

परवा दवाखान्यात गेलो. शकुबाईंनी मला ओळखलं नाही. जिममधला दोस्त समजून चहा मागवला. म्हणाल्या, "सोयाबीन काढायला थांबला व्हता बाबा. रास झाली की परत जिमला जातो म्हणायलता." पप्पूचा पाय कापलाय. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

पकडल्यावर पोलिसांना तू सांगितलंस, "मी एकटाच गेलो होतो." शाळेतसुद्धा माझ्या वाट्याचा मार तू खायचास. पण ह्या वेळचा मला पचत न्हाई, सुनील. उद्या सकाळी मी ठाण्यात जाऊन सगळं सांगणार आहे: यादी कुणी काढली, गाडी कुणी चालवली. बायको म्हणून ज्योत्स्ना रडली, पण तिनं अडवलं नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. तिथं कोठडीत भेट झाली की मारायचं तर मार. मी पळणार नाही.

तुझाच,
धम्मानंद