अण्णांची जामिनाची फाईल

अण्णा, धाकट्याला आत टाकून सहा वर्षं झाली आणि खटला अजून सुरूच झालेला नाही. तुम्हाला हे पटणार नाही, कारण तुमच्या लेखी जामीन म्हणजे एका दुपारचं काम. डोंबिवलीच्या केमिकल कंपनीतली पहिली पाळी संपवून तुम्ही घरी येता आणि दारात चाळीतलं कोणीतरी रडत उभं असतं. नवऱ्यानं मारामारी केलेली असते, नाहीतर भावानं तांब्याची तार उचललेली. तुम्ही चहाही न घेता ट्रंकेतली निळी फाईल काढता. रेशनकार्ड, लाइटबिल, खोलीची पावती, दोन फोटो. कल्याण कोर्टात जामीन राहता आणि माणसाला सोबत घेऊनच परत येता. आई कुरकुरायची, "अहो, तो पळाला तर?" तुम्ही म्हणायचात, "गुन्हा केला की नाही ते कोर्ट बघेल. तोवर माणसानं आपल्या घरी जेवावं."

त्याच भरवशावर मी चुकले. पोलीस आले तेव्हा धाकटा पिशवीत कपडे भरत होता. मीच म्हटलं, "अरे, कपडे कशाला? संध्याकाळपर्यंत येशील." आणि तुम्ही गेल्यापासून ट्रंकेतच पडून असलेली तुमची फाईल घेऊन कोर्टात पोचले. वकिलांनी ती उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "ताई, देशाच्या सुरक्षेचं कलम लावलंय. आरोप वरवर खरा वाटला तरी यात जामीन होत नाही." वरवर! त्यानं केलं काय, तर दर रविवारी कंत्राटी कामगारांना जमवून कायदा समजावला. पोलीस म्हणतात, ती बंदी घातलेल्या संघटनेची बैठक होती. असेल तर सिद्ध करा ना, चालवा खटला! पण कधी न्यायाधीश बदलले, कधी त्याला कोर्टात आणायला पोलीसच नव्हते. शिक्षा कोणी सुनावलेली नाही आणि तो भोगतोय. भेटीला गेले की काचेपलीकडून विचारतो, "ताई, पुढची तारीख कधीची?" त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. माझ्या अंगाची नुसती आग होते.

आता वकील म्हणतात, इतकी वर्षं आत काढली म्हणून हायकोर्ट कदाचित ऐकेल, दोन जामीनदार तयार ठेवा. तुम्ही ज्याला तीनदा सोडवून आणलंत, त्याचं आता कल्याणच्या मार्केटात कांद्याचं दुकान आहे. त्याच्याकडे गेले. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि मान खाली घालून म्हणाला, "ताई, अण्णांना विसरलो नाय मी. पण हे कलम लय डेंजर. माझी पोरं हायेत." मी भर दुकानात ओरडले, "तेव्हा अण्णांना पोरं नव्हती?" चहा तसाच टाकून निघाले.

हे पत्र निळ्या फायलीतच ठेवणार आहे. एक मात्र सांगायचं राहिलं. त्या दुकानात जायच्या आधी वकिलांनी मला विचारलं होतं, "एक जामीनदार तर तुम्हीच राहाल ना? कोलशेतच्या तुमच्या कंपनीतून नोकरीचा दाखला आणा." मी म्हटलं, "घरी विचारून सांगते."

अण्णा, घरी मी एकटीच राहते.