मुकादमाचे कान

सोमवार, ४ मार्च

पास! मुकादम पास झाला! आणि तोही पैकीच्या पैकी!

आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या सांगताना मीच तिखटमीठ लावीन. वाचनालयात येत्या शनिवारपासून नवा उपक्रम आहे — वाचायला घाबरणाऱ्या मुलांनी कुत्र्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. कुत्रा हसत नाही, चुका काढत नाही, घाई करत नाही. ग्रंथपाल बाईंनी दाराशी पाटी लावली होती : शांत स्वभावाचा कुत्रा हवा. मी वाचलं आणि घरी येऊन आमच्या मुकादमाच्या गळ्यात पट्टाच अडकवला.

परीक्षा काय होती म्हणे — मोठा आवाज झाला तर कुत्रा बिथरतो का! बाईंनी त्याच्या पाठीमागे स्टीलच्या पेल्यांचा ट्रे धाडकन पाडला. शिपाई स्टुलावरून उडाला. मी किंचाळले. कोपऱ्यात कुणाचं तरी तान्हं बाळ रडायला लागलं. आणि मुकादम? त्याने जांभई दिली! बाई बघतच राहिल्या. "काकू, असा कुत्रा मी जन्मात पाहिला नाही."

बस, ऊठ, इकडे ये — सगळं केलं. मी बोलते तेव्हा माझे हात चालतातच. बाई म्हणाल्या, "आता हात न हलवता सांगून बघा." पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते राहूनच गेलं.

रत्न आहे रत्न. उगाच नाही मी त्याला माणसात वाढवलं.

मंगळवार, ५ मार्च

चिरंजीवांना फोन करून सांगितलं. म्हणतात कसे, "वा! म्हणजे आपल्या घरात शेवटी कुणीतरी ऐकून घेणारं निघालं." वर हसतात! मी फोन ठेवला.

बस स्टँडवर बत्तीस वर्षं घोषणा केल्या मी. गाडी कुठली, कुठे लागली, किती उशिरा सुटणार. माइकसमोर बसलेल्या बाईला कुणी उलटून बोलत नसतं. आता त्याची सवय लागली तर माझा काय दोष?

शनिवार, ९ मार्च

पहिला दिवस! मुकादमाला आंघोळ घातली, अंग पुसलं, ह्यांचा जुना मफलर बांधला. बालविभागात खिडकीखाली सतरंजी घातली होती. पठ्ठ्या जाऊन असा पसरला, जणू नोकरीच तिथे होती त्याची.

पाच मुलं आली. एकेकाने वाचायचं, कुत्र्याशेजारी बसून, बाकीच्यांनी बाहेर. पहिल्या मुलाने 'उंदीर'चा उच्चार इतका वाईट केला की मी लगेच सुधारला. दुसऱ्या ओळीत पुन्हा सुधारला. तिसऱ्या ओळीला बाई आल्या आणि माझी खुर्ची उचलून थेट कपाटामागे नेऊन ठेवली. "काकू, इथे तुम्हाला वारा छान लागेल."

वारा! तिथे पंखाच नाही. तासभर धुमसत बसले. मग वाटलं, जाऊ दे, मुकादमाचं नाव तर होतंय.

शनिवार, १६ मार्च

आज एक नवी मुलगी आली. नऊ-दहा वर्षांची, अंगात ठिपक्याठिपक्यांचं जाकीट. मी मनातल्या मनात नाव ठेवलं — ठिपकी. आपल्या मावशीबरोबर आली होती. मावशीचं कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान आहे. पोरीला तीच वाढवते.

ती आत गेल्यावर मावशी माझ्या कानाशी लागली. ठिपकी बोलताना अडखळते. शाळेत उभं राहून वाचताना एका शब्दावर अडकली ती अडकलीच, वर्ग हसला. तेव्हापासून कुणासमोर वाचत नाही. शाळेत तर तोंडच उघडत नाही, नुसती मान हलवते. शाळेतल्या बाई म्हणतात, असंच राहिलं तर वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षेत काय करणार? "घरी माझ्याशी बोलते थोडं. पण पुस्तक हातात दिलं की कुलूप."

मला इतकं वाईट वाटलं! लगेच तीन उपाय सांगितले. मावशी "बरं, बरं" म्हणाली.

ठिपकीने आज काही वाचलं नाही. पुस्तक मांडीवर मिटून बसली, त्याच्या कानाच्या मागे खाजवत. निघताना मात्र गंमत केली — गुपचूप त्याच्या पाठीमागे जाऊन डोक्याजवळ जोरात टाळी वाजवली. मग वाकून त्याच्याकडे टक लावून पाहिलं. दिसते तेवढी गरीब नाही, खट्याळ आहे! मुकादमाने ढुंकूनही पाहिलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

शनिवार, २३ मार्च

वाचलं! ठिपकीने वाचलं!

कपाटामागे बसले होते, आधी वाटलं बाहेरचा आवाज आहे. मग कळलं. बारीक आवाज, थांबत, अडकत. "क... क... कासव म्हणालं." मी ताडकन उठले. 'कासव' म्हणायला मदत करणार एवढ्यात बाईंनी माझा हात धरला आणि ओठांवर बोट ठेवलं. दोघी तशाच उभ्या. पूर्ण पान वाचलं तिने! एका पानाला जवळजवळ तिची सगळी पाळी गेली, पण वाचलं. बाईंचे डोळे भरले. माझे तर वाहतच होते.

तिची मावशी बाहेर पायरीवर बसली होती. तिला सांगितलं तर तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले.

घरी येताना मुकादमाला बेकरीतून मोठा बिस्किटाचा पुडा घेतला.

रविवार, २४ मार्च

ह्यांना कासवाचा प्रसंग तिसऱ्यांदा सांगितला. "हो, ऐकलं," म्हणाले.

शनिवार, ३० मार्च

आता रांग लागते! वर्तमानपत्रवाला फोटो काढून गेला. बेकरीवाला मुकादमाला बघून दुकानातून बाहेर येतो, मला नाही. मी नुसती त्याला घेऊन येणारी झालेय. पण मला आवडतंय!

ठिपकीने आज तीन पानं वाचली. एका ठिकाणी आपणच हसली. तोंडी परीक्षा एप्रिलच्या अखेरीस आहे. होईल, सगळं होईल.

बुधवार, ३ एप्रिल

मुकादम कान खाजवत होता म्हणून जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टरने कान साफ केले, मग त्याच्या डोक्यामागे शिट्टी वाजवली. परत वाजवली. मग भिंतीवर पक्कड आपटली.

"काकू, याला ऐकू येत नाही."

मी म्हटलं, छे, तो लक्ष देत नाहीये, त्याला डॉक्टर आवडत नाहीत.

"अजिबात येत नाही. वर्ष तरी झालं असेल. वय झालं की होतं असं. बाकी ठणठणीत आहे."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे चष्मा पुसत म्हणाले, "मला वाटलं, तुला माहीत आहे." मला! मी विचारलं, मग बोलला का नाहीत? "तू त्याच्याशी अखंड बोलत असायचीस. म्हटलं बोलू दे. त्याला काही त्रास नाही."

गुरुवार, ४ एप्रिल

सगळं डोळ्यांसमोरून जातंय. वर्षभर दाराच्या घंटीला भुंकला नाही — मी म्हणाले, समजूतदार झाला! कुकरच्या शिट्टीला दचकत नाही — मी म्हणाले, सरावला! माझ्या हाताकडे बघून उठायचा, बसायचा. आणि तो ट्रे! पैकीच्या पैकी! बहिऱ्याला आवाजाच्या परीक्षेत पहिला नंबर आणि वर मी मफलर बांधून मिरवला. हसू येतंय आणि रडूही.

पण ठिपकी? तिने जिवाच्या आकांताने एकेक शब्द बाहेर काढला आणि त्यातला एकही त्याच्या कानात गेला नाही. तिला कळलं तर? शाळेत पोरं हसली ती हसली, इथे ज्याच्यावर भरवसा टाकला तो ऐकतच नव्हता. पुन्हा तोंड मिटेल तिचं.

शुक्रवार, ५ एप्रिल

बाईंना सांगितलं. आधी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "मुलांना फसवायचं नाही. उद्या सगळ्यांना खरं सांगू. कुणी यायचं थांबलं तर थांबलं."

मी म्हटलं, निदान एकीला तरी सांगू नका. "तिलाही सांगायचं," म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं. पण झोप लागणार नाही.

शनिवार, ६ एप्रिल

मुलं भलतीच निघाली! बाईंनी सांगितल्यावर एक जाडसर मुलगा म्हणाला, "मग त्याला चित्रं दाखवू." आणि पुस्तक उलटं धरून मुकादमाच्या नाकासमोर नेलं. दुसरीने विचारलं, तो स्वप्नात ऐकतो का? कुणीही घरी गेलं नाही. उलट पाळीसाठी भांडणं. माझा जीव भांड्यात पडला.

मग ठिपकीकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती, मान खाली. एका पोराने तिला विचारलं, "तुला माहीत होतं?" तिचा चेहरा लालबुंद झाला. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि निघून गेली. मावशी "अगं, अगं" करत मागे.

पाळी तिचीच होती.

सोमवार, ८ एप्रिल

राहवलं नाही. इस्त्रीच्या दुकानात गेले माफी मागायला. मावशीला म्हटलं, मला खरंच माहीत नव्हतं हो, पोरीला किती लागलं असेल.

मावशीने इस्त्री उभी केली. "काकू, तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. घरी येऊन मला म्हणाली, 'त्या कुत्र्याला ऐकू येत नाही. मी त्यालाच वाचून दाखवणार.'"

टाळी! ती टाळी!

मी वर्षभर त्याच्याबरोबर राहिले आणि पोरीने एका टाळीत ओळखलं. आणि ती त्याच्याकडे गेलीच त्यासाठी — ऐकू येत नाही म्हणून! मी खुळ्यासारखी उभी राहिले. मग विचारलं, मग शनिवारी का गेली?

"आता सगळ्यांना कळलं ना, ती त्यालाच का वाचून दाखवायची ते. लाज वाटली तिला. परवापासून पुस्तकाला हात लावलेला नाही."

तेवढ्यात ठिपकी शाळेतून आली. मला बघून थांबली. काहीतरी सांगायचं होतं तिला, स्वतःहून! "म... म... मुका..." "मुकादम ना? मजेत आहे गं! तुझी आठवण काढतो!" मी म्हटलं.

तिने तोंड मिटलं आणि दप्तर घेऊन आत गेली. मावशी माझ्याकडे बघत राहिली.

मंगळवार, ९ एप्रिल

ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तू तिच्या तोंडचं वाक्य उचललंस."

मी विचारलं, मी तुमचीही उचलते का?

हे उठून चष्मा शोधायला लागले. उत्तर मिळालं.

बुधवार, १० एप्रिल

ठरवलं — आज जेवणभर तोंड उघडायचं नाही. हे आधी घाबरले. "बरं नाही का?" मी मान हलवली. आमटी वाढली. कठीण काम आहे, सांगते! घशाशी शब्द येऊन धडकतात.

मग हे बोलायला लागले. स्टँडसमोर ह्यांची घड्याळं दुरुस्त करायची टपरी होती, ते मला माहीतच आहे, तिथेच ओळख झाली आमची. पण हे म्हणाले, "सकाळची पहिली गाडी तू पुकारलीस की मी दुकानातली सगळी घड्याळं तुझ्या आवाजावर लावायचो. गाडी उशिरा सुटली तर घड्याळंही मागे. गिऱ्हाइकं ओरडायची."

सदतीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं! मी मध्येच काहीतरी बोलले असणार दर वेळी. मी इतकी हसले आणि मग इतकी गप्प झाले की ह्यांनी स्वतः उठून मला ताक दिलं.

शुक्रवार, १२ एप्रिल

उद्या शनिवार. बाईंना सांगून ठेवलंय, ती आली तर पाळी तिचीच. मुकादमाचा मफलर धुतला. ती नाही आली तरी मी जाणार.

शनिवार, १३ एप्रिल

आली. सगळ्यांच्या शेवटी, ठिपक्यांच्या जाकिटात. मुकादम सतरंजीवर घोरत होता. ती त्याच्याजवळ गेली, पाठीवरून हात फिरवला आणि तिथे बसली नाही. सरळ कपाटामागे आली. माझ्या खुर्चीला धरून ओढायला लागली. मी उठले, तिने खुर्ची खिडकीपाशी नेऊन ठेवली, मला बसवलं आणि समोर जमिनीवर मांडी घातली.

"म... मुकादमाला नको," म्हणाली. "आजी, तुम्ही ऐ... ऐ..."

शब्द मला माहीत होता. दातांशी येऊन उभा होता. बाई लांबून बघत होत्या. मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, आणि थांबले. ती अडकली, डोळे मिटले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकली. मी थांबले.

"...ऐका," ती म्हणाली, आणि पुस्तक उघडलं.