उजेडाचा पंचनामा

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
पोलीस ठाणे, टेंभी, जि. अकोला.

विषय : कु. माधवी देवमन शिरसाट हिचा जबाब परत मिळणेबाबत.
संदर्भ : दोन टॉर्चचा पंचनामा.

महोदय,

अर्जदार देवमन शिरसाट व त्याचा मित्र नत्थुजी यांनी उभी हयात बुवाबाजीशी भांडण्यात घालविली. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी रिकाम्या मुठीतून सरकी काढणारा बाबा गावात आला, तेव्हा "बाही वर कर अन् दाखव!" म्हणून त्याला याच दोघांनी पळवून लावले.

अर्जदाराची मुलगी माधवी अमरावतीस भौतिकशास्त्र शिकली. कणांच्या टकरी घडविणाऱ्या परदेशी प्रयोगशाळेत तिची निवड झाली. फक्त आपल्या ठाण्याचे चारित्र्य प्रमाणपत्र हवे होते. निघण्यापूर्वी तिने विहारात गावाला सांगितले की, सोन्याची अणुकेंद्रे अफाट वेगाने एकमेकांच्या अगदी जवळून नेली की त्यांच्याभोवतीचा उजेड उजेडावर आदळतो आणि द्रव्याचे कण जन्मतात. दुसऱ्याच दिवशी नत्थुजीने जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. "देवमन, तुही पोरगी असली तरी कायदा सर्वायले सारखा," असे तो म्हणाला आणि म्हणताना रडला. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यात सोन्याचे नाव निघाल्याने आपल्या हवालदारांना सोने दुप्पट करणारी टोळी आठवली.

आपण दोन टॉर्च मागवून पंचांसमक्ष समोरासमोर पेटविले. एवढ्याने होत नसते, कोसभर घेराचे यंत्र लागते, असे मुलीने विनविले. हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणालात. टेबलावर एक चिलट पडले. ते उजेडातून बनलेला पदार्थ धरावे काय, यावर पंचांचा बराच खल झाला. अखेर धरले नाही.

प्रमाणपत्र अडले. "उजेडातून काही बनत नाही" असे लिहून दिल्यास लगेच देऊ, असे आपण सुचविले. "बाबा, तुमी बाहीर थांबा. तुमच्यासमोर मले हे लिवता येत नाही," असे म्हणून माधवी टेबलाशी बसली. अर्जदार बाहेर थांबला. त्याने आत जाऊन कागद फाडायला हवा होता.

पुढे सही करणारे साहेब रजेवर गेले, आणि प्रमाणपत्र हाती येईतो जागा दुसऱ्याला गेली. माधवी आता घरीच असते. कोणी विचारले तरी त्या विषयावर बोलत नाही.

जागा परत मिळणार नाही, हे अर्जदारास कळते. पोरगी खरे बोलत होती तोवर आपणांस तिच्या चारित्र्याची शंका होती. खोटे लिहून दिल्यावर ते उत्तम ठरले. सबब ते प्रमाणपत्र आपण ठेवून घ्यावे, आणि तिचा जबाब तेवढा परत द्यावा.

आपला, अजूनही नम्र,
देवमन शिरसाट
टेंभी, दि. ११ जुलै २०२२

सोबत : चारित्र्य प्रमाणपत्र, मूळ प्रत. शेरा : उत्तम.