लाइनीपलीकडच्या जोड्यांसाठी दोन खोल्या

लिहून ठेवणार: चांगदेव रखमाजी ओव्हाळ, वय अंदाजे अडुसष्ट, धर्म बौद्ध, रेल्वेतून फायरमन म्हणून निवृत्त. मूळ गाव कवठे येमाई, तालुका शिरूर. हल्ली राहणार दौंड, रेल्वे लाइनीपलीकडची वस्ती.

मी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, दिवसाउजेडी, चष्मा लावून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी दाब दिलेला नाही, कोणी पढवलेले नाही. दारू मी छप्पन सालापासून सोडली आहे. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत, तीही पुरी झाली नाही. स्टेशनाबाहेरच्या बॉण्डरायटरने एका मयत माणसाचे मृत्युपत्र नमुन्यासाठी वाचून दाखवले. त्यातले 'स्थावर जंगम' एवढे शब्द घेतले, बाकीचे मला कळतील तेच घातले. माझ्या छातीत कळ येते. डॉक्टर म्हणतात गॅस आहे. मला तसे वाटत नाही, म्हणून लिहितो.

मागल्या दिवाळीत एका वहीत असेच काही लिहिले होते. ते रद्द समजावे. वही सापडत नाही. पुढे सापडली तरी रद्दच.

कलम १. माझी बायको चांगुणा ही एकोणसत्तर साली वारली. मला एकच मुलगा, साहेबराव. तो शिरूरला खरेदी-विक्री संघात कारकून आहे. त्याची बायको सिंधूबाई, त्यांना एक पोरगा. याशिवाय मला वारस नाही. कोणी उभा राहिला तर तो खोटा.

कलम २. कवठे येमाईची माझ्या वाट्याची दीड एकर जमीन मी साहेबरावला देत आहे. पूर्वेचा बांध माझ्या चुलतभावाने दोन हात आत सरकवला आहे. मी वीस वर्षे त्याच्याशी बोललो नाही. साहेबरावने बोलावे. दोन हात जमिनीत बाजरीच्या चार पेंढ्या होतात, तेवढ्यासाठी भाऊबंदकी पुढच्या पिढीत नेऊ नये. मात्र मोजणी करून घ्यावी.

कलम ३. भांडीकुंडी, चांगुणाचे जाते आणि तिचे चांदीचे कडे सिंधूबाईला. कडे एकच आहे. दुसरे कुठे गेले म्हणून तिने मनात काही आणू नये. ते साहेबरावच्या मॅट्रिकच्या वर्षी मोडले. पोस्टातले पुस्तकही सिंधूबाईच्या नावे करावे. त्यातून आधी माझ्या मयताचा खर्च काढावा. तेराव्याबिराव्याचे काही करू नये. वंदना घ्यावी आणि लोकांना चहा द्यावा.

कलम ४. माझे फावडे, हातबत्ती आणि नट आवळायचे दोन पाने ही माझी स्वतःची आहेत, रेल्वेची नाहीत. रेल्वेचे जे होते ते निवृत्तीच्या दिवशी शेडमध्ये जमा केले. पावती ट्रंकेत आहे. कोणी चोरीचे म्हणाला तर पावती दाखवावी. ही हत्यारे गार्ड हौसराव यांना द्यावीत. हौसरावांशी मी दोन वर्षे चहा घेतला नाही. त्याचे कारण पुढे येईल. चूक त्यांची नव्हती.

कलम ५. आता मुख्य. दौंडच्या वस्तीतले माझे पत्र्याचे दोन खोल्यांचे घर, ज्याची घरपट्टी माझ्या नावावर आहे, ते मी मुलाला देत नाही. ते वस्तीतल्या जोड्यांच्या कामासाठी ठेवत आहे. काम काय ते नीट लिहितो, कारण उद्या कोणी विचारले तर सांगायला मी नसेन.

वस्तीत पोरे हुशार आहेत, पण त्यांना पुढे न्यायला कोणी नाही. दुष्काळात गावे सोडून आलेली माणसे. आई खडी फोडते, बाप कोळसा उतरवतो. पोरगा अकरावी झाला तरी एम्प्लॉयमेंट एक्सचेंज कुठे आहे, तिथे कोणत्या खिडकीशी उभे राहायचे, दाखल्यावर सही कोणाची लागते, हे घरात कोणालाच माहीत नसते. साहेब एकदा खेकसला की पोरगा घरी येतो, आणि दुसऱ्या दिवशी बापाबरोबर कोळशावर जातो.

इंजिनावर आमची एक रीत होती. ड्रायव्हर कितीही जुना असो, नव्या लाइनीवर त्याच्या हाती एकदम गाडी देत नाहीत. आधी त्या लाइनीच्या जाणत्या ड्रायव्हरबरोबर फेऱ्या करायच्या. चढ कुठे आहे, कोणता सिग्नल झाडाआड जातो, पाणी कुठे मिळते, हे डोळ्यांनी बघायचे. मग रस्ता शिकलो अशी सही करायची. मी म्हटले, मनमाडच्या लाइनीला हे लागते, तर कचेरीच्या लाइनीला का लागू नये? म्हणून सत्तर साली मी एकेका पोराला, पोरीला एकेक जाणते माणूस जोडून दिले. माणसाला आम्ही सोबती म्हणतो आणि पोराला शिकाऊ. आज सोळा जोड्या आहेत. दर बुधवारी त्या माझ्या खोलीत बसतात.

कलम ६. माझी चूक. ही लिहिल्याशिवाय पुढची योजना समजणार नाही.

सुरुवातीला मी सोबती म्हणून गार्ड, ड्रायव्हर, फायरमन असेच घेतले. माझा विश्वास त्यांच्यावर. आणि नियम केला की सोबती आल्याशिवाय शिकाऊने जागचे हलायचे नाही. गार्डने हिरवे निशाण दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, तसे. हा नियम मी पोरांकडून तोंडपाठ करून घेतला.

बहात्तर साली जूनमध्ये ललिता सोनवणे या मुलीला पुण्याला नर्सिंगच्या शिक्षणासाठी मुलाखतीला बोलावले. तिचे सोबती हौसराव. सकाळच्या पॅसेंजरने दोघांनी जायचे ठरले. पहाटे हौसरावांना मालगाडीवर बोलावणे आले. रनिंगच्या, म्हणजे गाडीवर चालणाऱ्या माणसाला बोलावणे आले की जावेच लागते. ललिता फलाटावर बाकड्यावर बसून राहिली. दाखले प्लास्टिकच्या पिशवीत, अंगावर मावशीचे मागून आणलेले पातळ. पॅसेंजर तिच्यासमोरून गेली. मागची गाडीही गेली. तिकीट तिच्या हातात होते.

मी दुपारी तिथे पोहोचलो. म्हणालो, "अगं, गेली का न्हाईस?"

ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं व्हतं मामा. हलायचं न्हाई."

"आगं पण गाडी समोर उभी होती."

"मामा, गार्ड गाडीला लागतो. माणसाला लागत न्हाई, हे तुम्ही शिकवलंच न्हाई आमाला."

एवढे बोलून ती घरी गेली. जागा भरली. पुढच्या वर्षी तिचे वय बसले नाही. ती आज सरकारी दवाखान्यात आया आहे, आणि तिच्यापेक्षा कमी गुण असलेल्या मुली तिला हुकूम सोडतात. मी राग हौसरावांवर काढला, कारण स्वतःवर काढायला जागा नव्हती.

गाडी चुकली त्याच्या पुढच्याच बुधवारी ललिता परत आली. मला वाटले हिशेब मागायला आली. ती म्हणाली, "नियम बदलायचा हाय का तसाच ठिवायचा? तसाच ठिवायचा असंल तर मी धाकट्या भणीचं नाव काढून घेते." नियम तिनेच बदलला. तेव्हापासून काम माझ्या नावावर चालते, पण चालवते ती.

कलम ७. म्हणून पुढची योजना. सरकारची पंचवार्षिक असते, माझी तीन वर्षांची आहे. त्यापुढचे मला दिसत नाही.

फेऱ्या तीनच. पहिल्या फेरीत सोबती काम करील आणि शिकाऊ बघेल. दुसरीत शिकाऊ करील, सोबती शेजारी गप्प उभा राहील. हे गप्प राहणे सगळ्यात अवघड आहे, मला स्वतःला जमत नाही. तिसऱ्या फेरीला शिकाऊ एकटा जाईल. सोबत्याने कचेरीच्या बाहेरसुद्धा थांबू नये. घरी बसावे. मग वहीत सही शिकाऊने करावी, सोबत्याने नाही.

सोबती असा घ्यावा ज्याची कामाची वेळ ठरलेली आहे. शिंपी, पोस्टातला माणूस, शाळामास्तर, कंपाउंडर, दुकानदार. रनिंगची माणसे फक्त बदली म्हणून. मागल्या साली संप झाला तेव्हा वीस दिवस त्यातला एकही घरी झोपला नाही, काही तुरुंगात होते. त्या दिवसांत शिंप्याची जोडी तेवढी चालू राहिली.

पहिल्या वर्षी वीसच्या वर जोड्या नेऊ नयेत. लोक आग्रह करतील, आकडा सांगायला बरा वाटतो, तरी नेऊ नयेत. एका सोबत्याला एकच शिकाऊ. दुसऱ्या वर्षी निम्म्या सोबती बाया असाव्यात, कारण मुलींच्या आया मला तोंडावर काही बोलत नाहीत पण मुली पाठवत नाहीत. तिसऱ्या वर्षापासून जो शिकाऊ होता त्याने सोबती व्हावे. हे झाले तर काम उभे राहिले. न झाले तर खोल्या बंद कराव्यात आणि घर साहेबरावला द्यावे. उगाच चालू आहे म्हणून दाखवू नये.

बौद्धाच्या पोराला बौद्धच सोबती आणि मराठ्याच्या पोराला मराठाच, असे करू नये. त्याला कारण आहे. आपल्याच आळीतला सोबती पोराची प्रत्येक गोष्ट संध्याकाळपर्यंत बापाच्या कानावर घालतो. मग पोर त्याला काही सांगत नाही.

कलम ८. घराची आणि कामाची देखरेख ललिता सोनवणे हिने आणि दरसाल सोबत्यांनी हात वर करून निवडलेल्या दोघांनी करावी. घर विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा अधिकार तिघांनाही नाही. पावसाळ्याआधी पश्चिमेकडचा पत्रा बदलावा. तो गळतो. मी तीन वर्षे बदलतो बदलतो म्हणत आहे. हे कागद ललिताला वाचून दाखवलेले नाहीत. तिने पढवले असे कोणी म्हणू नये म्हणून मुद्दाम.

कलम ९. घरावर कोणाच्या नावाची पाटी लावू नये, माझ्यासुद्धा. इथल्या एका पुढाऱ्याने मला सांगितले होते, "आबा, नुसती पाटी लावू द्या, बाकं मी देतो." मी म्हटले, पोरं खाली बसतील. तो म्हणाला, "म्हातारं खुळं हाय." असेन. पण पाटी लागली की बुधवारी पोरांऐवजी फोटोवाले येतात.

कलम १०. साहेबरावसाठी. तू बारा वर्षांचा होतास तेव्हा शिरूरच्या बोर्डिंगात नाव घालायला एकटा गेलास. तिथल्या माणसाने सांगितले, बापाला घेऊन ये. मी मनमाडकडे गेलो होतो. तू तीन दिवस तिथल्या पडवीत झोपलास आणि चौथ्या दिवशी कोणाच्या तरी बापाला मामा म्हणून उभा केलास. हे तू मला कधी सांगितले नाहीस. चांगुणाने मरताना सांगितले. मी जे काम सुरू केले त्याच्या मुळाशी हेच आहे. पण ते केले दुसऱ्यांच्या मुलांसाठी, तुझी वेळ निघून गेल्यावर. हे मला माहीत आहे एवढेच नोंदवतो.

कलम ११. (खोडले आहे.)

या कलमात मी असे लिहिले होते की साहेबरावने या घराबद्दल कोर्टात दावा केल्यास कलम २ मधली जमीनही त्याला मिळू नये. बॉण्डरायटरने ही तोड सुचवली होती. म्हणाला, एवढे घाला म्हणजे झोप लागेल. मला खरेच लागली.

आज सकाळी साहेबराव शिरूरहून एस.टी.ने आला. मीच बोलावले होते. कागद त्याच्या हातात दिला. त्याने उभ्याउभ्याच वाचला. कलम दहाचे पान उलटले. अकरावर बोट ठेवले.

"आबा, मी कोर्टात जाईन असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हणालो, "वाटतं."

"वाटू द्या. त्याला माझी ना न्हाई. पोरगा उद्या कॉलेजला येईल, पुण्याला खोली घ्यायची म्हंजी काय लागतं ते तुम्हाला काय ठाऊक. मला हे घर पायजे व्हतं, मी खोटं बोलत न्हाई."

"मग?"

"मग हे लिहू नका. हे लिहिलं आन् मी गप बसलो, तर जमिनीसाठी गप बसला असं व्हईल. गप बसायचं का न्हाई ते माझं मला ठरवू द्या की. जलमात एवढं तरी."

मी विचारले, "म्हणजे दावा करणार न्हाईस ना?"

तो म्हणाला, "ते मी आज सांगणार न्हाई."

त्याने चहा घेतला. पत्र्याकडे बघितले. कुठे गळतो ते विचारले आणि दुपारच्या गाडीने गेला.

तो गेल्यावर मी टाक उचलला. हे कलम ठेवले तर खोल्या वाचतील, हे मला पक्के कळते. सोळा पोरांचा बुधवार त्यावर आहे. पण ज्या माणसाला मी कुठेच सोबत केली नाही, त्याच्या वाटेत निदान आडवे तरी पडू नये. म्हणून कलम ११ मी स्वतःच्या हाताने खोडले. खाडाखोडीच्या दोन्ही टोकांना माझी सही आहे. जमीन साहेबरावला बिनशर्त. अकराव्या कलमाच्या जागी दुसरी कोणतीही अट घातलेली नाही. घर कलम ५ प्रमाणे जोड्यांचेच, पण ते राखायचे की मागायचे हे साहेबरावने ठरवावे. मला आज रात्री झोप लागणार नाही. त्याला इलाज नाही.

वरील मजकूर मी दोन वेळा वाचला. मला तो समजतो आणि मान्य आहे. खालील दोन्ही साक्षीदारांना यातून काहीही मिळत नाही. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

ठिकाण: दौंड, जिल्हा पुणे
दिनांक: १९ ऑक्टोबर १९७५, रविवार, दुपारी चार

सही: चांगदेव रखमाजी ओव्हाळ


साक्षीदार:
१. मारुतराव गेनू शितोळे, निवृत्त पोस्टमन, दौंड. कलम ११ माझ्यादेखत खोडले.
२. सोपानराव बाबू जाधव, शिंपी, लाइनीपलीकडची वस्ती. मी म्हणालो, आबा, राहू द्या ते कलम. त्यांनी ऐकले नाही.