आजारी माशांच्या टाकीची व्यवस्था

मी, मिझुतानी साएको, वय चौऱ्याहत्तर, कै. हिदेतोशी यांची पत्नी, राहणार यातोमी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. लिहिण्याची घाई आहे, त्याची कारणे दोन: सोमवारी नागोयाच्या इस्पितळात होणारी माझी पोटाची शस्त्रक्रिया, आणि आतल्या खोलीतल्या टाकीतली माशाची मादी. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. आणू शकेल असे कोणी आता उरलेलेही नाही.

१. राहते घर आणि पोस्टातील बचत माझा एकुलता मुलगा तोमोनोरी याला द्यावी. त्याने घर पुढे विकले तरी माझी हरकत नाही. मागच्या अंगणातील टाक्या व मासे मात्र यात धरू नयेत. हे मृत्युपत्र खरे तर त्यांच्यासाठीच लिहिले आहे.

२. माझा जांभळा रेशमी किमोनो नणंद फुमिए यांना. "वहिनी, पडून पडून विरेल हो तो," असे त्या दर नववर्षाला म्हणतात. विरलेला नाही. घेऊन जावा.

३. मासे रांचू जातीचे गोल्डफिश आहेत. गोल पाठीचे, वरून पाहायचे. वाण माझ्या सासऱ्यांनी तयार केला. तो एकदा बुडता बुडता वाचला, ते वारसाला ठाऊक असावे म्हणून लिहिते.

प्रदर्शनात सगळ्यांचे मासे पांढऱ्या परातींत सोडतात आणि तेच ते हात ते सगळे उचलतात. म्हणून परत आलेला मासा आधी वेगळा ठेवायचा असतो. हिदेतोशींच्या मादीला पहिला क्रमांक मिळाला, त्या संध्याकाळी ते साके पिऊन आले आणि तिला थेट तिची आई होती त्या जुन्या माशांच्या टाकीकडे घेऊन निघाले.

"अहो, आधी वेगळी ठेवा तिला."

"पहिली आलीय पोरगी! पहिल्या आलेल्या पोरीला कोणी उंबऱ्याबाहेर ठेवतं का? आईला दाखवू दे की."

आईला दाखवली. काही दिवसांत आई, मुलगी आणि त्या ओळीतल्या सगळ्या टाक्या गेल्या. कल्ले कागदासारखे पांढरे पडले होते. वाचले ते फक्त शेपटी वाकडी म्हणून त्यांनी टाकून दिलेले मासे. मी ते न्हाणीघरामागे कपडे भिजवायच्या टबात ठेवले होते. आजचा सगळा वाण त्या वाकड्यांचा आहे.

४. त्यानंतर मी आजारी माशांची टाकी मांडली. ती अंगणापासून सर्वांत लांब, म्हणजे सहा चटया मावतील एवढ्या आतल्या खोलीत, हिदेतोशींचा फोटो ठेवलेल्या देव्हाऱ्यासमोर आहे.

"आई, बाबांच्या डोळ्यांसमोर आजारी मासे?" तोमोनोरी म्हणाला होता.

"बघू देत."

तिची जागा हलवू नये. तळाशी वाळू नको, झाड नको. विष्ठा दिसली पाहिजे. पाणी गाळायचा एक जादा स्पंज नेहमी निरोगी टाकीत ठेवावा आणि गरज पडली की इकडे आणावा. इकडचा तिकडे कधीही नेऊ नये. मीठ वजन करून घालावे, मुठीने नाही. पाणी हळूहळू गरम करावे. खायला देऊ नये. जाळी, बादली आणि पंचा या टाकीचे वेगळे. लाल दोरा बांधला आहे. रोज आधी अंगणातल्या माशांचे करावे, या टाकीला हात शेवटी लावावा.

५. सध्या टाकीत यंदाच्या प्रदर्शनातून आलेली मादी आहे. तिचे कल्ले फिकट दिसतात. प्रवासाचा शीण असेल, किंवा तोच रोग असेल. सोमवारपूर्वी ते कळणार नाही.

ती टाकीत आहे, त्याचे एवढे भय नाही. परवा आमच्या रांचू पाळणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष श्री. कामेई तिला पाहायला आले. विचारायच्या आत त्यांनी तिला उचलून पाहिले. मी चहा घेऊन येते तो हे अंगणात, कोपरापर्यंत हात माझ्या मोठ्या टाकीत.

"काय बाळसं धरलंय हो यांनी, साएकोसान!"

"हात धुतलात?"

"आता धुतोच आहे की, तुमच्याच पाण्यात!" आणि हसले.

तेव्हापासून मी दर तासाला अंगणात जाऊन कल्ले पाहते. अजून लाल आहेत. निदान मला तसे वाटते.

श्री. कामेई यांना माझ्या आठवणीदाखल साबणाची एक वडी द्यावी. माझ्या अंत्यविधीला मंडळातले सगळे येतील. धूप लावावा, जेवावे, पण अंगणाच्या दाराला कुलूप असावे.

६. टाक्या, मासे व सर्व साहित्य मी माझी सून चिहारु हिला देत आहे. तोमोनोरीला वाईट वाटेल. पण गेल्या वसंतात "बिचारा उपाशी आहे" म्हणून त्याने आजारी माशाला खाऊ घातले आणि तीच जाळी अंगणात नेली. मी वेळीच पाहिले म्हणून निभावले.

चिहारुबद्दल माझी तक्रार सर्व गल्लीला पाठ आहे. मला फ्लू झाला तेव्हा तिने पेज दाराबाहेर ठेवली, टकटक केली आणि मागे सरली. मी आतून ओरडले, "मी काय वाघ आहे?"

"आई, घरी जाऊन मला बाळाला घ्यायचंय. वाडगा तिथंच ठेवा, मी उकळून घेईन."

माझा तो राग मी मागे घेत नाही. फक्त तशीच बाई या कामाला हवी.

काल तिला फोन केला.

"आई, मला मासे आवडत नाहीत."

"माहीत आहे."

"मग मला कशाला?"

"तोमोनोरीला आवडतात म्हणून."

मग ती म्हणाली, "आणि अंगणातल्यांना आधीच लागण झाली असेल तर?"

हे आजवर मला दुसऱ्या कोणीही विचारलेले नाही. उत्तर लेखी असावे, म्हणून ते पुढच्या कलमात देते.

७. अंगणातील माशांचे कल्ले पांढरे पडले तर एकही जिवंत मासा कोणाला देऊ नये, कोणी कितीही गळ घातली तरी. पाणी कालव्यात सोडू नये. खाली सगळ्यांची तळी आहेत. लवंगेचे तेल स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर आहे; पाण्यात जास्त घातले की मासे गुंगीतच जातात. सगळे मासे एकाच दिवशी संपवावेत. आजारी निवडून बाकीचे ठेवू नयेत. मग टाक्या उन्हात कोरड्या कराव्यात.

हा निर्णय घेण्याचा अधिकार एकट्या चिहारुचा आहे. तोमोनोरीने तिचा हात धरू नये, आणि पुढे कधीही, भांडणातसुद्धा, "आईचे मासे तू मारलेस" असे म्हणू नये. म्हटल्यास तिने त्याला हे कलम वाचून दाखवावे. ते मासे मी मारले आहेत.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथल्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

साक्षीदार: योकोई तेत्सुओ, मंडळाचे चिटणीस (सही व मोहोर)
साक्षीदार: हात्तोरी नोबुको, शेजारी, निवृत्त परिचारिका (सही व मोहोर)

मिझुतानी साएको (सही व मोहोर)
यातोमी, ८ नोव्हेंबर २०१९